प्लांट तयार, सांडपाणी कुठंय? एका नदीकाठच्या शहरातल्या प्रकल्प नोंदी

२२ एप्रिल २०२५

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या नव्या प्लांटची पाणी चाचणी आटोपली. दोन्ही टाक्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या, पातळी उतरली नाही. हवा देणारे ब्लोअर सुरू केल्यावर बुडबुडे सगळीकडे बारीक आणि सारखे आले. उत्तरेच्या कोपऱ्यात मात्र एका जागी पाणी नुसतंच भकाभका उसळतंय. तळातल्या, बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्युजरची रबरी मेम्ब्रेन फाटली असणार. टाकी रिकामी असतानाच बदलून घ्यायची. एकदा गाळ भरला की कोण खाली उतरणार?

नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. शहर मांडवीच्या एका उपनदीच्या काठी, भरती-ओहोटी पोचते इतक्याच आत. नाव घालत नाही, कारण पुढे काहीजणांविषयी स्पष्ट लिहावं लागेल. प्लांट रोज ५०० घनमीटरचा, म्हणजे पाच लाख लिटरचा. पद्धत एसबीआर: एकाच टाकीत सांडपाणी भरायचं, हवा द्यायची, गाळ निवळू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी डिकँटरने काढून घ्यायचं. दोन टाक्या आळीपाळीने चालतात. पद्धत गोव्याला नवी नाही, पणजीचा टोंकचा प्लांट याच तत्त्वावर चालतो.

कागदावरचा हिशेब सरळ आहे. माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येणार, म्हणजे १०८ लिटर. ५०० घनमीटरला साधारण साडेचार हजार माणसं. बाजार, बसस्टँड आणि लगतचे दोन वॉर्ड मिळून ती भरतात.

बाहेर पडणाऱ्या पाण्याची अट कडक: बीओडी (घाण पचवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन) १०, टीएसएस (पाण्यातले तरंगते कण) २०, दोन्ही लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत लहान शहरांना बीओडी ३० पर्यंत मुभा होती. एप्रिल २०१९ मध्ये हरित लवादानं ती अपुरी ठरवून हे आकडे घातले. त्याआधी २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे आले होते. त्यात गोव्याचे ११. साळ नदीचं नाव बघून कुणाला नवल वाटलं नाही, पण वाळवंटी, खांडेपार, डिचोली नदी हीही नावं त्यात होती. ज्या नद्यांवर आपल्या नळाच्या योजना आहेत त्याच या.

२९ एप्रिल

वेट वेलमध्ये, म्हणजे पंपाआधी सांडपाणी जिथं जमा होतं त्या विहिरीत, येणारं पाणी तासातासाला मोजायला सुरुवात केली. दिवसाला ९० घनमीटरच्या आसपास. क्षमतेच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी. पालिकेतल्या ज्युनिअर इंजिनिअरला आकडा दाखवला तर म्हणाले, "वाढेल हो मॅडम, सुरुवात आहे." वाढेल, पण कुठून? जोडण्या आहेत बाजाराच्या मुताऱ्या, बसस्टँडचं स्वच्छतागृह, सरकारी क्वार्टर्स आणि थोडी घरं. बाकीच्या घरांच्या दारापर्यंत पाइप गेलाय आणि तिथंच थांबलाय.

त्या ९० मध्येही काहीतरी गोम आहे. सकाळी सात ते नऊ पाणी वाढतं, ते समजतं. पण त्याशिवाय दिवसातून दोनदा छोटा उंचवटा येतो आणि त्याची वेळ सरकते. शनिवारी दुपारी बाराला, रविवारी पाऊणच्या पुढे, काल दीड वाजून गेल्यावर. माणसं रोज पाऊण-पाऊण तास उशिरा आंघोळ करत नाहीत.

२ मे

भरतीच ती. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. आमचा उंचवटाही तेवढाच सरकतोय. पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा कंडक्टिव्हिटी मीटर वेट वेलमध्ये धरला तर उंचवट्याच्या वेळी आकडा एकदम चढतो. एप्रिल-मेमध्ये नदीचा प्रवाह आटलेला, त्यामुळे खारं पाणी बरंच आत येतं. म्हणजे नदी आमच्या पाइपात शिरतेय आणि आम्ही ती पंपाने उचलून, विजेचं बिल भरून, पुन्हा नदीत सोडणार आहोत.

घाटाजवळच्या मॅनहोलचं झाकण उघडलं. टॉर्चच्या उजेडात पाइप आणि भिंत यांच्या सांध्यातून पाण्याची धार दिसली, बोटाएवढी जाड, स्वच्छ, आणि तिच्याबरोबर बारीक वाळू. नकाशात त्या जागी लवचीक कपलर आहे. प्रत्यक्षात सिमेंटचा गिलावा. काठाची भरावाची जमीन थोडी बसली की असा गिलावा तडकणारच.

कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे, माणूस उतरवतो आणि बुजवून घेतो." नाही म्हणून सांगितलं. माणसाला संरक्षणाविना गटारात उतरवायला बंदी करणारा २०१३ चा कायदा त्याला ठाऊक नाही असं नाही. हायड्रोजन सल्फाइडचं लक्षण लोकांना सडक्या अंड्याचा वास एवढंच माहीत असतं. प्रमाण शंभर पीपीएमच्या वर गेलं की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो. मग "वास नाही, उतर" म्हणणारा वरून सांगत असतो. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. तो आकडा त्याला सांगितल्यावर चर्चा संपली.

ओहोटीच्या वेळी वरच्या बाजूला हवेचा फुगा घालून लाइन बंद करायची, मॅनहोलच्या बाहेरून खणायचं आणि सांधा बाहेरून करायचा, असं ठरलं. खर्च कुणाचा यावर पत्रव्यवहार सुरू.

८ मे

घरोघरी फिरले. जोडणी का घेत नाही हे विचारायला.

माझी अपेक्षा होती की पैशांचं कारण येईल. ते आलंच, पण दुसऱ्या नंबरवर. पहिलं कारण माड. इथल्या जुन्या घरांत न्हाणीचं पाणी पाइपात जातच नाही. चिऱ्याच्या पन्हळीतून ते परसातल्या माडांच्या, केळींच्या मुळाशी जातं. संडासाला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. एका काकींनी मला थेट विचारलं, "एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते. तेव्हा न्हाणीचं पाणी तुम्हाला दिलं, तर माडाला काय मी नळाचं घालू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं बरोबर आहे. साबणाचं पाणी माडाला चालतं, नदीला चालत नाही.

म्हणजे माणशी १०८ लिटर हा आकडा इथं लागूच नाही. तो ज्या मॅन्युअलमधून येतो ते देशभरासाठी लिहिलेलं असतं. परसात माड असलेल्या माणसाचा हिशेब त्यात नाही. पुस्तकातला माणूस फ्लॅटमध्ये राहतो.

पण शोषखड्ड्यांचं मी त्यांना सांगितलं. जांभा दगड आरपार सच्छिद्र असतो. शोषखड्ड्यात ओतलेलं पाणी मातीत गाळलं जातं असं आपण धरतो, जांभ्यात ते फटींतून सरळ वाहतं. घर आणि विहीर यांत अंतर कमी असेल आणि उतार विहिरीकडे असेल, तर पावसाळ्यात काय होतं ते सांगायला प्रयोगशाळा नको. काकी गप्प झाल्या. विहिरीचं पाणी तपासून द्यायचं कबूल करून आले.

संडासाची जोडणी आम्हाला, न्हाणीचं पाणी माडाला. ही तडजोड मला मान्य आहे. पालिकेला कळवलं. तिथं कुणाला रुचली नाही, कारण फॉर्मवर तशी चौकट नाही.

१४ मे

बी आलं. म्हणजे चालू प्लांटमधला, घाण खाणाऱ्या जंतूंचा जिवंत गाळ, टँकरने. रंग गडद तपकिरी, वास ओल्या मातीचा. असा वास आला की अर्धं काम झालं. काळा आणि आंबूस असता तर टँकर परत पाठवला असता.

शेण आणि गूळ घालण्याची सूचना तीन ठिकाणांहून आली. शेणातले जंतू गायीच्या पोटातले, हवेविना जगणारे. आम्हाला हवा खाणारे हवेत. शिवाय गवताचे धागे टाकीत साचतात ते वेगळेच. गूळ उपाशी गाळाला दोन दिवस जगवतो, पण गुळावर वाढलेले जंतू सांडपाणी आलं की मागे पडतात. गूळ स्टोअरमध्ये ठेवलाय, फक्त अडीअडचणीला.

फक्त पहिली टाकी सुरू केली, तीही कमी पातळीवर. दोन्ही चालवायला खाद्यच नाही. एमएलएसएस, म्हणजे टाकीतल्या पाण्यात लिटरमागे गाळ किती मिलिग्रॅम, १४००.

१७ मे

एक लिटरच्या नळकांड्यात तीस मिनिटांची निवळ चाचणी. गाळ कढीच्या साक्यासारखा खाली बसला, वर फिकट पिवळसर पाणी, कण तरंगत नाहीत. १७० मिली. १४०० ने भागून हिशेब केला की एसव्हीआय, म्हणजे गाळ किती घट्ट बसतो याचा आकडा, १२१ येतो. उत्तम. ऑपरेटरला हे रोज करायला शिकवलं. सेन्सर बिघडतात, नळकांडं बिघडत नाही.

२१ मे

धो धो पाऊस. वळीव म्हणावा तर थांबायचं नाव नाही.

२६ मे

मान्सून केरळात २४ तारखेला पोचला आणि लगोलग गोव्यात. आम्ही जूनचा पहिला आठवडा धरून बेत आखला होता. गाळ जेमतेम बारा दिवसांचा.

काल वेट वेलमध्ये दिवसभरात ४५० घनमीटरच्या वर पाणी आलं. आठवड्यापूर्वी ९०. कंडक्टिव्हिटी ५०० वरून दीडशेवर आली आहे, म्हणजे हे सांडपाणी नव्हे, जवळजवळ नुसतं पावसाचं पाणी. सांडपाण्याची वाहिनी आणि पावसाचं गटार वेगवेगळी आहेत असं प्रकल्प अहवालात तीन ठिकाणी लिहिलंय.

पाणी इतक्या वेगानं आल्यावर निवळायला वेळ मिळत नाही आणि गाळ डिकँटरवरून वाहून जातो. एमएलएसएस ७०० वर आला. रात्री निर्णय घेतला: दुसरी रिकामी टाकी साठवण म्हणून वापरायची. पावसाचा लोंढा तिच्यात घ्यायचा, पहिलीला ठरलेलंच माप द्यायचं. दुसरी भरली की तिथलं पातळ पाणी निवळवून, क्लोरीन देऊन सोडायचं. आदर्श नाही. पण गाळ गेला असता तर पावसाळाभर पुन्हा बी शोधत बसलो असतो.

वीज दोनदा गेली. जनरेटर दुसऱ्या वेळी रुसला. तो विषय वेगळा.

११ जून

रात्रीचा प्रवाह मोजायला पहाटे तीनला प्लांटवर. ही सगळ्यात प्रामाणिक वेळ. कुणी आंघोळ करत नाही, हॉटेलं बंद, पाऊसही कालपासून थांबलेला. तरीही तासाला सहा घनमीटर पाणी येतंय. हे जमिनीतलं पाणी. जांभ्याची भूजलपातळी वर चढली, पाइप तिच्यात बुडाला, आणि प्रत्येक कच्चा सांधा झरा झाला.

पाऊस सुरू असताना मात्र प्रवाह मिनिटांत चढतो. जमिनीतून मुरून येणारं पाणी इतकं चपळ नसतं. ते छपरांचं.

१९ जून

धुराची चाचणी. पाऊस उघडल्यावर दोन मॅनहोलमधल्या लाइनीत धूर सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघत रस्त्यावर फिरायचं. लोकांना आधी सांगितलं होतं, तरी एका आजोबांनी अग्निशामक दलाला फोन केला.

धूर सरकारी क्वार्टर्सच्या छपराच्या पन्हळींतून निघाला. एकेका इमारतीच्या चारही कोपऱ्यांतून, अगदी शिस्तीत. बाजारामागच्या एका बंगल्याच्या अंगणातल्या जाळीतून निघाला. एका पेट्रोमॅक्स-काळच्या जुन्या दुकानात तो थेट फरशीतून वर आला. तिथं कधीकाळी मोरी होती आणि कुणाला आठवतही नव्हती.

बंगल्याचे मालक भले गृहस्थ. म्हणाले, "प्लंबरनं सांगितलं, मोठा पाइप आलाय, अंगणातलं पाणीही सोडा त्यातच, तुंबणार नाही." प्लंबरच्या दृष्टीनं पाणी म्हणजे पाणी. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पन्हळ वळवून घेतली. सरकारी क्वार्टर्सचं काम ज्या खात्याकडे आहे त्यांना पत्र दिलंय. बंगला एका दिवसात झाला, पत्राला पोच आली आहे.

८ जुलै

नवी भानगड. पाणी दिसायला काचेसारखं, बीओडी छान, पण पीएच रोज थोडा घसरतोय. ७.१, ६.८, ६.४, आज ५.९. ऑपरेटरला वाटलं कुणीतरी ॲसिड सोडतंय. बाजारात बॅटरीची दुकानं आहेत, तेव्हा संशय वावगा नाही. पण ॲसिड सोडलं तर पीएच एकदम आपटतो, असा पायरीपायरीनं उतरत नाही.

कारण आपल्या पाण्यात आहे. जंतू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल जिरवण्याची ताकद, खर्च होते. आत येणारा अमोनिया २० धरला तर १४३ लागेल. देशावरच्या जड, चुनखडीच्या पाण्यात ती सहज असते, कुणाला हा प्रश्नच पडत नाही. गोव्यातलं पाणी मऊ. जांभ्यातून येणारं, विहिरीचं तर मुळातच किंचित आम्लाकडे झुकलेलं. त्यात पावसाची भर. आमच्याकडे येणारी अल्कलिनिटी ९५. बाकीची कुठून आणणार?

उपाय दोन. पहिला फुकट: भरण्याच्या वेळी पहिली पाऊण तास हवा बंद ठेवायची. ऑक्सिजन नसला की काही जंतू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात, आणि त्यात निम्मी अल्कलिनिटी परत मिळते. विजेचीही बचत. पण त्या जंतूंना खायला सांडपाण्यातला कार्बन लागतो आणि पावसानं तोच पातळ केलाय. म्हणून दुसरा उपाय सोबतीला: चुना. खायच्या सोड्यानं काम जास्त सोपं झालं असतं, प्रमाण चुकलं तरी पीएच फार वर जात नाही, पण किंमत परवडत नाही. चुन्याची निवळी करून थोडी थोडी द्यायची, पोतं फोडून टाकीत ओतायचं नाही. हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

१६ जुलै

पीएच ६.९. अमोनिया पुन्हा उतरला. चुना निम्मा केला.

२ ऑगस्ट

घाटाजवळचा सांधा अखेर बाहेरून करून झाला. खर्च कंत्राटदारानं केला, कारण नकाशा आणि फोटो दोन्ही आमच्याकडे होते. पहाटेचा प्रवाह तासाला सहावरून चारवर. अजून असे सांधे किती आहेत ते पाऊस ओसरल्यावर कॅमेरा घालून बघू.

२८ ऑगस्ट

काल गणपतीची चवथ. प्लांट बंद ठेवता येत नाही, म्हणून सुट्टी वाटून घेतली. मी आज सकाळी आले.

चवथीला इथलं प्रत्येक घर भरतं. मुंबईचे, पुण्याचे, वास्कोचे, सगळे मूळ घरी येतात. तीन माणसांच्या घरात पंधरा. संडासाच्या जोडण्या तेवढ्याच, पण प्रवाह १४० वर गेला आणि बीओडी २६० वर. बीओडीचा दिवसाचा लोड ३६ किलो. मे महिन्यात जेमतेम १३ होता. चार महिन्यांत पहिल्यांदा प्लांटला पोटभर मिळालं. ब्लोअर जास्त वेळ चालवावे लागले, ऑक्सिजन दोनच्या खाली जाऊ पाहत होता. गाळाचा रंग संध्याकाळपर्यंत उजळला. मला खरंच बरं वाटलं.

कचरा अडवणाऱ्या बार स्क्रीनवर गणपतीवर टांगलेल्या माटोळीची पानं, सुपाऱ्या, दोऱ्याची गुंडाळी आणि नेहमीप्रमाणे डायपर. नेवऱ्या (करंज्या) तळलेलं तेल मोरीत ओतलं जातं; वेट वेलच्या भिंतीला पांढरट थर धरलाय, झाऱ्यानं खरवडला तर पापुद्रा निघतो. पुढच्या वर्षी चवथीआधी पत्रक काढायचं: तळणीचं तेल बाटलीत भरून कचऱ्याच्या गाडीत द्या.

१२ सप्टेंबर

सलग तीन नमुने बीओडी १० च्या आत. चाचणीचा निकाल तीन दिवसांनी येतो, आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस ठेवून ती करतात. म्हणजे आज जो आकडा हातात आहे तो तीन दिवसांपूर्वीच्या प्लांटचा. रोजचे निर्णय नळकांडं, पीएच आणि नाक यांवरच.

काकींच्या विहिरीचा अहवाल आला. कोलिफॉर्म, म्हणजे मैल्यातले जंतू, आहेत. समक्ष जाऊन सांगितलं, कागद पाठवून दिला नाही. पाणी उकळून पिताहेत. संडासाची जोडणी घ्यायचा फॉर्म त्यांनी स्वतः मागितला. शेजारच्या दोन घरांचाही. न्हाणीचं पाणी माडालाच राहणार. चौकट नसली तरी फॉर्मच्या समासात तसं लिहून घेतलं.

३ ऑक्टोबर

सेप्टिक टँक उपसणारे टँकर आमच्याकडे रिकामे होऊ द्यावेत असा प्रस्ताव आला होता. कल्पना वरवर सोपी: प्लांट उपाशी, टँकर भरलेले, नाहीतर ते रात्री कुठल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, ओतले जातात ते सगळ्यांना माहीत आहे.

हिशेब मांडला. टँकर पाच घनमीटरचा. सेप्टिक टँकमधल्या मैल्याची बीओडी घरगुती सांडपाण्याच्या दहा ते वीसपट. ४००० धरली तर एका टँकरमधून २० किलो. म्हणजे आमच्या एरवीच्या अख्ख्या दिवसापेक्षा जास्त, पाच मिनिटांत. वर अमोनिया भरपूर, आणि चुन्याची कथा वर लिहिलीच आहे. शिवाय हे खाद्य अर्धं पचलेलं असतं. वर्षानुवर्षं टाकीत कुजून उरलेलं. जंतूंना त्यातलं सोपं ते आधीच गेलेलं.

तरीही मी हो म्हटलं, अटींवर. दिवसाला एकच टँकर. आधी वेगळ्या टाकीत, जाळीतून गाळून, मग चोवीस तासांत थेंबाथेंबानं. फक्त घरगुती, हॉटेलचा ग्रीज ट्रॅप (तेलकट थर अडवणारी टाकी) किंवा गॅरेजचं पाणी निघालं तर परत. टँकर आला की नमुना बाटलीत घेऊन वहीत चालकाची सही. पहिल्याच आठवड्यात एक टँकर डिझेलचा वास येत आला. परत पाठवला. चालकानं मला जे ऐकवलं ते नोंदवहीत लिहिलेलं नाही.

२० ऑक्टोबर

नरकासुर जाळून मंडळी पहाटे परतली, ऑपरेटर डुलक्या घेतोय. पाऊस जवळपास संपला. प्रवाह ११०.

५ नोव्हेंबर

त्रिपुरारी. पाळीवरचे दोघे साखळीला विठ्ठलापूरच्या नौका बघायला गेले, वाळवंटीत दरवर्षी सोडतात त्या. मी बाजारामागच्या व्हाळावर उभी होते.

हा व्हाळ पावसाळ्यात व्हाळ असतो आणि आता गटार. मासळी मार्केटचं धुणं, हॉटेलांच्या मोऱ्या, सलूनचं पाणी, सगळं त्यात. बादली आणि घड्याळ घेऊन माप काढलं: दिवसाला सव्वाशे घनमीटर. हे थेट नदीत जातं, आमच्या प्लांटच्या कुंपणापासून दगड फेकण्याच्या अंतरावर. ५०० चा प्लांट ११० वर चालतोय आणि सव्वाशे त्याच्या बाजूनं वाहून चाललेत.

व्हाळात गुडघाभर उंचीचा बांध घालून कोरड्या दिवसांतलं पाणी वेट वेलकडे वळवायचं, हा प्रस्ताव जूनपासून टेबलांवर फिरत होता. काल मंजूर झाला.

१४ नोव्हेंबर

बांध झाला. चिऱ्याचा, मधोमध लोखंडी फळीचं दार, पुढे जाळी. पहिल्या रात्री जाळीवर माशांचे खवले आणि कल्ले इतके आले की पाणी वरून गेलं. जाळी दोन टप्प्यांत केली, जाड आधी, बारीक नंतर. मासळी मार्केटमध्येच खवले वेगळे काढायची टोपली ठेवायला बायका तयार आहेत, पण टोपली रोज उचलणार कोण ते पालिकेनं सांगायचं.

२१ नोव्हेंबर

प्रवाह २३५. दुसरी टाकी आता खऱ्या कामाला लागली. एमएलएसएस २६००. नदीच्या बाजूला घाटाखालचा काळा पट्टा फिकट झालाय असं होडीवाले म्हणतात. नमुना घेतल्याशिवाय मी काही म्हणत नाही.

एक गोष्ट मला बोचते. बांध झाल्यापासून हॉटेलवाल्यांनी जोडणीचे अर्ज मागे घेतले. एकानं तोंडावर सांगितलं, "आता व्हाळातून येतंच ना तुमच्याकडे? मग फी कशाला भरू?" पालिकेतही सुटकेचा निःश्वास आहे, आकडा वाढला म्हणून. पण हा बांध फक्त कोरड्या दिवसांचा. पहिल्या मोठ्या पावसात दार उघडावंच लागेल, नाहीतर बाजारात पाणी शिरेल. आणि दार उघडलं की जून ते ऑक्टोबर सगळं पुन्हा नदीत. नदीला आज फायदा झाला आणि वाहिनीचं काम दोन वर्षं मागे गेलं, हे दोन्ही खरं.

पत्र दिलंय: व्हाळातलं पाणी घेऊ, पण बाजारातल्या प्रत्येक हॉटेलाला ३१ मार्चपर्यंत ग्रीज ट्रॅपसह जोडणी सक्तीची, नाहीतर व्यापार परवान्याचं नूतनीकरण नाही. पालिकेच्या पुढच्या बैठकीत विषय घेऊ म्हणालेत.

२६ नोव्हेंबर

काकींच्या गल्लीतल्या तीन जोडण्या सोमवारी खणायला घेणार. उतार मोजला, १५० मिमीच्या पाइपाला पुरतो. वाटेत एक माड आडवा येतोय; पाइप वळसा घालून नेऊ, एक जादा चेंबर लागेल.

बांधाच्या दाराची किल्ली कुणाकडे, हा प्रश्न लेखी सोडवला: पावसाळ्यात एक प्लांटवर, एक बाजाराच्या वॉचमनकडे. पाणी बांधाच्या लाल खुणेला लागलं की जो जवळ असेल त्यानं उघडायचं, फोन नंतर.

स्टोअर: चुन्याची आठ पोती, डिफ्युजरच्या मेम्ब्रेन चार, गूळ तसाच आहे, मुंग्या लागल्या.